आधी बाकांचे बोल्ट काढा

आमच्या एफवायच्या वर्गातलं बाक सहा फुटी आहे. लिहायची फळी आणि बसायची फळी एकाच लोखंडी अँगलला वेल्ड केलेली आणि त्या अँगलचे पाय चार बोल्टनी फरशीत गाडलेले. पोरं बाकं ओढतात, फरशीवर चरे पडतात, खालच्या मजल्यावर आवाज जातो, म्हणून पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोणीतरी हा बंदोबस्त करून टाकला. बंदोबस्त असला पक्का की आता प्लाय पावसात फुगून वहीच्या पानांसारखं सुटायला लागलंय, खाऱ्या हवेने अँगल पापुद्रे सोडतोय, ज्यांनी कंपासच्या टोकाने त्यावर नावं कोरली त्यांची पोरं आज आठवी-नववीत आहेत, पण बोल्ट जागचे हललेले नाहीत.

मी तिथे अर्थशास्त्र शिकवतो. कॉलेज राजापूरकडचं, नाव घेत नाही, कारण नाव घेऊन काय होणार, रत्नागिरी-सिंधुदुर्गात फिरलात तर असे वर्ग बरेच दिसतील. आम्हा मास्तर लोकांना हल्ली सारखं सांगतात की लेक्चर कमी करा, मुलांना बोलू द्या, ग्रुपमध्ये काम द्या, २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यापासून तर प्रत्येक मीटिंगमध्ये हेच. मला ते पटतं, खरंच पटतं. माझं भांडण एवढंच आहे की हे सांगणाऱ्यांपैकी एकही जण वर्गात येऊन फरशीकडे बघत नाही.

चार पोरांनी एकमेकांकडे तोंड करून बसायचं तर पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळायला हवं. वळल्यावर पाय कुठे ठेवायचे? मागच्यांची फळी आणि यांची पाठ यात वीतभर अंतर. मग मुलगे बाकावरच उलटे होऊन मांडी घालतात, मुली अर्धवट वळून वही मांडीवर घेऊन लिहितात, मधल्याला उठायचं तर कडेच्याला आधी उठावं लागतं. मला ग्रुपपाशी जायचं तर मधली वाट एकच, भिंतीकडच्या पोरांपर्यंत मी कधी पोचतच नाही, लांबूनच मान हलवतो. तास ४८ मिनिटांचा. हजेरी, वळावळ आणि हसणं-खिदळणं यात दहा-बारा मिनिटं गेली की मीच म्हणतो राहू दे, सरळ बसा, लिहून घ्या. आणि मग रिपोर्टमध्ये येतं की शिक्षक पारंपरिक पद्धतीने शिकवतात.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डी. क्रिस्टोफर ब्रूक्स नावाच्या संशोधकाने नेमकं हेच तपासलं होतं, २०११ साली ते छापून आलं. प्राध्यापक एकच, अभ्यासक्रम तोच, परीक्षा त्याच, फक्त एक तुकडी साध्या वर्गात आणि दुसरी गोल टेबलांच्या वर्गात. गोल टेबलवाल्यांचे प्रवेशपरीक्षेचे मार्क कमी होते, म्हणजे ती पोरं मागे पडायला हवी होती, पण ती दुसऱ्या तुकडीच्या बरोबरीला आली. याहून मजेशीर भाग पुढे आहे. त्या प्राध्यापकाने दोन्हीकडे अगदी सारखंच शिकवायचं ठरवलं होतं, तरी निरीक्षणात काय दिसलं तर साध्या वर्गात तो जास्त वेळ लेक्चर देत होता, एका जागी उभा राहत होता, आणि गोल टेबलांच्या वर्गात पोरांमध्ये फिरत होता, चर्चा जास्त घेत होता. त्याला स्वतःला ठरवूनही सारखं वागता आलं नाही. हे वाचल्यावर मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हणजे खोली मास्तरलाही वळण लावते, आणि आपण मात्र खोली तशीच ठेवून मास्तरला ट्रेनिंगला पाठवतो.

आता पावसाचं सांगतो, कारण माझं मत पुस्तक वाचून नाही, पावसाने बदललं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आमच्या मागच्या इमारतीची कौलं गेली आणि त्या जागी पत्रे आले. पत्र्याखाली ज्याने आषाढात तास घेतलाय त्यालाच कळेल मी काय म्हणतोय ते. मोठी सर आली की माझा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नाही, सर ओसरेपर्यंत नुसतं उभं राहायचं. असाच एक दिवस, लाईट गेलेली, पश्चिमेच्या खिडक्यांतून झड आत येत होती, तिकडची पाच बाकं भिजलेली (ती बाजूला घेता येत नाहीत म्हणून जून ते सप्टेंबर रिकामीच असतात, घरात झड आली तर आपण पलंग सरकवतो की नाही? इथे पोरंच सरकतात). फळ्यावर लिहायला गेलो तर खडू सादळलेला, उमटेना. म्हटलं चला व्हरांड्यात.

व्हरांडा आठ-नऊ फूट रुंद, जांभ्याचा कठडा, एका बाजूने भिंतीचा आडोसा. पोरं रेनकोट आणि वर्तमानपत्रं टाकून चार-चार पाच-पाच जण खाली बसली. धडा होता किंमत कशी ठरते हा. मी म्हटलं, हापूसची एक पेटी धरा आणि बागवाल्याच्या हातात शेवटी काय उरतं ते काढा. तिकडे एक मुलगा होता, वर्षभरात त्याच्या तोंडून मी फक्त 'प्रेझेंट सर' ऐकलेलं. त्याच्या घरचे लोकांची कलमं करारावर घेतात. ग्रुपमधल्या पोरीने फवारणीचा खर्च एक ओळ लिहिला तर हा म्हणाला, "एकदा नाय होत फवारणी, परत परत करायला लागते, आणि मोहोर गळला तर ते पैसे पण गेले." मग रखवालदार आले, बेणणी आली, लाकडी पेटी, पेंढा, टेम्पोचं भाडं, हमाली, तोलाई, दलाली. बाकीच्या ग्रुपची पोरं माना लांब करून याचं बघायला लागली. शेवटी तो म्हणाला, "सर, पण भाव धरायचा किती? वाशीवरनं पट्टी आल्याशिवाय आपल्याला काय मिळालं ते कळतच नाय." (पट्टी म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारातल्या दलालाकडून येणारा विक्रीचा हिशोब.) आणि शेजारची मुलगी म्हणाली, "मग किंमत आपण ठरवतोय कुठे?"

पूर्ण स्पर्धेतला विक्रेता किंमत ठरवत नाही, बाजारातली किंमत स्वीकारतो, हे मी त्याआधी दोन तास फळ्यावर आकृत्या काढून सांगत होतो. अर्थात वाशीचा बाजार म्हणजे काही पुस्तकातली पूर्ण स्पर्धा नव्हे, पण तो वाद पण त्यांनी पुढच्या तासाला स्वतःच काढला.

आणि आवाजाचं म्हणाल तर पत्रे तेवढेच वाजत होते. पण दोन फुटांवरचं माणूस पावसातही ऐकू येतं, तीस फुटांवरचा मास्तर येत नाही. आपल्याकडे वर्षाचे चार महिने जे वातावरण असतं त्यात एकाने बोलायचं आणि शंभर जणांनी ऐकायचं ही पद्धत मुळात बसतच नाही, तरी आपण ती नेटाने चालवतो.

हे माझं कौतुक म्हणून सांगत नाही, एका तासावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण सिद्ध झालेलं पण भरपूर आहे. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, गणित, इंजिनिअरिंगच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले, तर नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास होणारे साधारण ३४ टक्के आणि जिथे पोरं स्वतः काहीतरी करतात तिथे २२ टक्के. खोलीच बदलायची कल्पना पण जुनी आहे, नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात रॉबर्ट बाइकनर यांनी नव्वदच्या दशकात फिजिक्ससाठी गोल टेबलं आणली, एका टेबलाला नऊ जण, त्यात तिघातिघांचे तीन गट. एमआयटीमध्ये जॉन बेल्चर यांनी तसंच केलं तेव्हा तिथल्या पोरांनी विरोधात सह्या गोळा केल्या होत्या! एमआयटीची पोरं, तरी त्यांना लेक्चरच हवं होतं. (नंतर तिथे नापास होणारे निम्म्याहून कमी झाले.) हार्वर्डमध्ये २०१९ साली दिसलं की स्वतः डोकं लावून शिकलेल्या पोरांना प्रत्यक्षात जास्त आलं होतं, पण त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण कमी शिकलो, छान लेक्चर ऐकणाऱ्यांना वाटत होतं की आपल्याला सगळं समजलं. आमच्याकडे पण तेच, व्हरांड्यात दुसऱ्यांदा बसवलं तर एकाने विचारलं, "सर, आज शिकवणार नाय काय?"

तर आता पैशाचा प्रश्न. फ्लेक्सिबल क्लासरूम म्हटलं की संस्थेच्या लोकांच्या डोळ्यांपुढे कॅटलॉगमधलं चित्र येतं, रंगीत खुर्च्या, चाकं, प्रत्येक टेबलाला स्क्रीन. मग एकतर अंदाजपत्रक बघून फाईल बंद होते, किंवा असतील नसतील ते पैसे एका स्मार्ट बोर्डवर जातात. आमच्याकडे तसा एक आला. उद्घाटनाला नारळ फुटला, पहिला पावसाळा त्याने कसाबसा काढला, दुसऱ्या पावसाळ्यात टच चालेना, दुरुस्तीवाला कोल्हापूरहून यायचा तो आज येतो उद्या येतो करत आलाच नाही. सध्या त्याच्यावर टाईमटेबल चिकटवलेलं असतं, सेलोटेप चांगली धरते. पण कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या कागदात आयसीटी, म्हणजे संगणक-स्क्रीनच्या सुविधा असलेल्या वर्गांची संख्या भरायची असते, त्यामुळे तो मोजला जातो. वर्गातली बाकं हलतात की नाही हा रकाना मला अजून कुठल्या फॉर्मात दिसलेला नाही.

आणि गंमत म्हणजे त्या स्क्रीनची गरजच नाही असं त्याच क्षेत्रातले लोक सांगतात. मिनेसोटातच बेथेल विद्यापीठ म्हणून आहे, तिथे एका बाजूला भारी उपकरणांचा वर्ग आणि दुसऱ्या बाजूला साधी टेबलं जोडून, साधे पांढरे बोर्ड देऊन केलेली स्वस्तातली नक्कल अशी तुलना केली, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. शिकण्यात फरक पडला नाही. मिशिगन स्टेटच्या अभ्यासात तर मास्तर जर मुळातच पोरांना कामाला लावत असेल तर जरा सुधारलेल्या जुन्या लेक्चर हॉलमध्येही निकाल तेवढाच आला. म्हणजे कोणी म्हणेल, मग खोलीचा संबंधच काय? संबंध आहे, पण तो महागाईशी नाही. पोरांना एकमेकांची तोंडं दिसली पाहिजेत, मध्ये लिहायला जागा पाहिजे आणि मास्तरला प्रत्येकापर्यंत चालत जाता आलं पाहिजे, एवढं मिळालं की पुढचं सगळं हौसेचं आहे.

दशावतार बघणाऱ्यांना हे मी वेगळं सांगायला नको. रंगमंचावर सामान काय असतं, तर एक बाकडं. राजा बसला की ते सिंहासन, राक्षस चढला की डोंगर, आणि रात्रभर त्यावर अख्खं पुराण उभं राहतं. ते बाकडं जमिनीत बोल्ट मारून बसवलं असतं तर पहिल्या प्रवेशातच नाटक अडलं असतं.

म्हणून मला विचाराल तर कोकणातल्या वर्गाचं सामान कोकणातल्या सुताराने केलेलं असावं. चाकं नकोत, खाऱ्या हवेत गंजतात, नाही गंजली तर फरशीच्या सांध्यात अडकतात. कसोटी एकच ठेवायची, टेबल दोन मुलींना न धापता उचलता आलं पाहिजे. आकार समलंब चौकोनाचा, म्हणजे दोन टेबलं जोडली की षटकोन होतो आणि भोवती सहा जण बसतात, परीक्षेला परत सुटी करून ओळीत लावता येतात. लाकूड फणसाचं मिळालं तर उत्तम, रायवळ आंब्याचं स्वस्त पडतं पण त्याला कीड लवकर लागते, पावसाळ्याआधी तेलपाणी करावंच लागेल. प्लाय नको, प्लायचं काय होतं ते वर सांगितलं. पायांना खालून रबरी बूट, की आवाजाची तक्रार मिटली, ज्या तक्रारीपायी हे सगळं रामायण झालं. आणि खडूला पावसाळ्यात सुट्टी द्या, सुताराकडे पांढऱ्या गुळगुळीत सनमायकाचे उरलेले तुकडे पडलेले असतात, दोन बाय तीन फुटाचा एकेक तुकडा प्रत्येक टेबलाला, त्यावर मार्करने लिहायचं, फडक्याने पुसायचं. लाईट असो नसो.

जागा मात्र खरंच अडचण आहे, ती मी झटकून टाकणार नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या परिषदेच्या निकषात इंजिनिअरिंगच्या साठ पोरांच्या वर्गाला ६६ चौरस मीटर धरलेले आहेत, म्हणजे माणशी बारा चौरस फुटाच्या आतबाहेर, आणि टेबलांभोवती बसवायचं तर साधारण दुप्पट जागा लागते. आमच्या आर्ट्स-कॉमर्सच्या वर्गात तर १२० नावं मस्टरवर. आता खरं बोलायचं तर १२० पैकी रोज समोर किती असतात हे मस्टर सोडून सगळ्यांना माहीत आहे, पण सगळी आली तर मावणार नाहीत हे नक्की. यावर माझं म्हणणं, प्रत्येक वर्ग असा करू नका, दहातले दोन करा आणि ते व्हरांड्याला लागून असलेले निवडा. जुन्या इमारतींना व्हरांडे आहेत, तिथे आपण सध्या मोडकी बाकं रचून ठेवतो.

सिलॅबस पुरा होत नाही ही दुसरी तक्रार, आणि ती करणारे बहुतेक प्रामाणिक लोक आहेत. ४८ मिनिटांत ग्रुपवर्क होतच नाही, टेबलं मांडून विषयात शिरेपर्यंत घंटा. दोन तास जोडून द्या, आठवड्यातून एकदा तरी. तिथे एसटी आडवी येते. आमची निम्मी पोरं वीस-पंचवीस किलोमीटरवरून येतात, सकाळची गाडी उशिरा आली की पहिला तास अर्धा, आणि पावणेदोनची गाडी गाठायची म्हणून शेवटचा तास अर्धा. म्हणून जोडतास मधे ठेवायचा, एवढं टाईमटेबल करणाऱ्याने मनावर घेतलं तर होतं. उलट ओळीतल्या वर्गात उशिरा आलेलं पोर गपचूप मागे बसून काय चाललंय ते न कळता तास संपवतं, टेबलावर असलं तर शेजारचा दोन वाक्यांत सांगतो की आपण इथे आहोत.

परीक्षेबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. पेपरात 'टिपा लिहा' येणार असेल तर पोरं टिपाच मागणार, तुम्ही त्यांना षटकोनात बसवा नाहीतर वर्तुळात. आणि तासिका तत्त्वावरचा शिक्षक, जो सकाळी इथे आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात तास घेतो, मिळणारे पैसे पण वेळेवर मिळत नाहीत, त्याला 'तुमचा तास नावीन्यपूर्ण करा' म्हणणं मला तर जिवावर येतं. टेबल बदलून पगार होत नाही. हे दोन्ही प्रश्न मोठे आहेत, ते सुटेपर्यंत बोल्ट काढू नका असं मात्र त्यातून निघत नाही.

मुलगे-मुली एकत्र बसले तर पालकांचे फोन येतील अशी एक भीती स्टाफरूममध्ये निघाली होती. पहिले काही आठवडे मुलींनी स्वतःचे वेगळे ग्रुप केले, मी काही बोललो नाही, दिवाळीपर्यंत आपोआप मिसळले कारण कोणाच्या ग्रुपमध्ये हिशोब येणारा कोण आहे हे एव्हाना सगळ्यांना कळलेलं. फोन एकही आला नाही.

मला खरं नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हे सगळं आपल्याला नवीन नाही. याच किनाऱ्यावर, पार वर डहाणूकडे, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. आदिवासी पोरं शाळेत येईनात कारण ती गुरं घेऊन रानात जायची, तर यांनी शाळाच कुरणावर नेली, कुरणशाळा म्हणायचे तिला. पोर जिथे आहे तिथे वर्ग, भिंतीसुद्धा हलवल्या म्हणा ना. अलीकडे साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे त्या भागातल्या शाळांच्या गटातलं बघून जिल्हा परिषदेच्या किती शाळांनी फरशीवर आकडे-अक्षरं रंगवली, पोरं गोलात बसवली, माझी पुतणी तशाच शाळेत चौथीपर्यंत शिकली, खाली बसून बिया मोजत, दुसरीला शिकवत. तीच पोरगी पाचवीला बाकावर गेली, आठवीत बाकं जड झाली, आणि आता अठराव्या वर्षी, जेव्हा तिला सगळ्यात जास्त बोलता-वाद घालता यायला हवं, तेव्हा आम्ही तिला फरशीत ठोकलेल्या अँगलवर बसवलं. जसजशी पोरं मोठी होतात तसतशी आपण त्यांना घट्ट बसवत जातो, हे कोणी ठरवलं?

संस्थेला मी तीन वेळा अर्ज दिला. तिसऱ्या वेळी उत्तर आलं की एका वर्गापुरती परवानगी आहे, पण खर्चाची तरतूद नाही आणि फरशीचं नुकसान झाल्यास जबाबदारी अर्जदाराची. या मे महिन्यात मी, आमचा शिपाई आणि गावातला एक वेल्डर असे तिघे बसलो. पान्याने दहा-बारा बोल्ट निघाले, बाकीचे गंजून एकजीव झालेले, ते ग्राइंडरने कापावे लागले, दोन दिवस वर्गात लोखंडाचा वास होता. वेल्डरने बाक कापून बसायची फळी वेगळी करून दिली, नवीन टेबलांना पैसे नाहीत म्हणून सध्या दोन जुनी बाकं समोरासमोर ठेवतो. कापलेल्या बोल्टचे खुंट अजून फरशीतून अर्धा इंच वर आहेत, चप्पल अडकते, म्हणून पोरांनी सायकलची ट्यूब कापून प्रत्येक खुंटावर टोपी घातलीय. एकूण ८४ आहेत, त्यांनीच मोजले.